खेकड्याच्या जाळ्यात चारा नेमका बांधायचा कसा?

सीनाकाठ (१२ मे)
मंडळी, प्रश्न साधा आहे, पण तिथपर्यंत पोचायला जरा लांबून यावं लागेल. सोसून घ्या.

मी सोलापूरचा. वर्कशॉपात वेल्डिंग करून रिटायर झालो. गेल्या हिवाळ्यात लेकीकडे कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोला चार महिने राहून आलो. जावयाचा शेजारी शेवंडी धरायचा शौकीन. तिकडे त्यासाठी लोखंडी कड्याची जाळी मिळतात. दोन कडी, एक मोठं, एक लहान, मध्ये जाळं. तळाला टेकलं की ताटासारखं सपाट पडतं, दोर ओढला की वरचं कडं आधी उठतं आणि टोपली होते. टोपलीच्या तळाशी, मधोमध चारा. शेवंड येते, खायला बसते, आपण ओढायचं. यात काय अवघड, असं मलाही वाटलं होतं.

पहिल्या रात्री चारा बांधायचं काम माझ्याकडं दिलं. मी बांगडे मधोमध कापले आणि सुतळीनं जाळ्याला चांगले गच्च बांधले. अर्ध्या तासानं वर ओढलं तर सुतळी जशीच्या तशी, गाठीसकट, आणि बांगड्याचा एक काटासुद्धा नाही. शेजारी पोट धरून हसला. मग त्यानं प्लॅस्टिकची जाळीदार डबी काढली. तिच्यात सामन माशाचं डोकं कोंबलं, झाकण लावलं, डबी केबल टायनं चारी बाजूंनी मध्यावर आवळली. त्या डबीवर रात्रभरात तीन शेवंडी. त्यातली एक मापात बसेना म्हणून परत सोडली.

आता मुद्दा. आपल्याकडं शेवंड नाही, पण सीनेत आणि भीमेत खेकडा भरपूर. असलंच कड्याचं जाळं मी घरी वेल्ड करणार आहे. पण कोंबडीची आतडी बांधली तर बारके मासेच ती आधी फस्त करतात, खेकड्याला काय उरणार? चारा कशात घालावा, कुठं बांधावा, किती वेळ ठेवावा? कुणी केलंय का असं?

कडकभाकरी
काय ओ काका, अमेरिकेला जाऊन शेवंड धरून आला आणि इथं आम्ही नळाचं पाणी धरायला चार दिवस वाट बघतोय. आधी त्याला काय चारा लावायचा ते सांगा.

शेंगाचटणी
मी शाकाहारी आहे, तरी विचारते. शेवंड म्हणजे तेच ना, लॉबस्टर? नांग्या असतात तो?

देवबागकर
शेंगाचटणीताई, लॉबस्टर म्हणजेच शेवंड, पण नांग्यांचं चित्र तुम्ही पाहिलंत ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जातीचं. आमच्या कोकणातली शेवंड आणि काकांनी धरलेली कॅलिफोर्नियाची, दोघींनाही नांग्या नाहीत. अंगावर काटे, पुढं दोन लांबलचक मिशा, आणि सगळा जोर शेपटीत. घाबरली की शेपूट पोटाखाली मारून उलटी पळते. डोळ्याचं पातं लवायच्या आत दोन हात मागं. जाळं ओढताना हे ध्यानात ठेवायचं असतं, कारण ती समोरून नाही, पाठीमागून निसटते.

आमच्याकडं शेवंड मुख्यतः जाळ्यातच मिळते, चारा लावून धरणारे कमी. आणि पूर्वीइतकी राहिलीही नाही. मुंबईच्या समुद्रात चपट्या शेवंडीची एक जात ट्रॉलरनं इतकी ओरबाडली की १९९४च्या सुमारास ती मासेमारीच बसली. २००३ साली केंद्र सरकारनं निर्यातीसाठी किमान वजनं ठरवली. आमच्याकडं जी जास्त मिळते तिला ३०० ग्रॅम, चपटीला १५० ग्रॅम. कागदावर नियम चांगला आहे. बाजारात वजनकाटा बघून कुणी परत समुद्रात सोडलेली मी तरी पाहिली नाही.

सीनाकाठ
देवबागकर, अगदी बरोबर. तिकडं मापपट्टी खिशात नसली तरी दंड. पाठीचं कवच डोळ्याच्या खोबणीपासून मागच्या कडेपर्यंत सव्वातीन इंच भरलंच पाहिजे. आम्ही परत सोडलेली दोरा-दोन दोऱ्यांनी कमी होती. मी म्हटलं, अरे अंधारात कोण बघतंय. शेजाऱ्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी गप्प बसलो.

उरणचा_फगवाला
काका, तुम्ही जे वेल्ड करायला निघालात त्याला आमच्याकडं फग म्हणतात, आणि ते माझ्या आज्याच्याही आधीपासून आहे. खाडीत, तिवरांच्या कडेनं चिंबोऱ्यांसाठी लावतो. एकच कडं, खाली सैल जाळं, वर तीन दोर एकत्र गाठलेले, दोराला तरंगायला काहीतरी. भरती चढायला लागली की दहा-पंधरा फग ओळीनं टाकायचे, शेवटचा टाकून झाला की पहिल्यापासून उचलत यायचं.

चाऱ्याचं म्हणाल तर आम्ही डबीबिबी काही लावत नाही. कोंबडीचे पाय किंवा माशाचं जाड कातडीचं डोकं, तारेनं ओवून मधोमध. आतडी बांधणं म्हणजे फुकटचं जेवण. मऊ चारा दोन मिनिटांत लुटला जातो. चिंबोरीला तोडायला वेळ लागला पाहिजे. ती जेवढी झटते तेवढा वेळ ती फगात राहते. बांधण्याची सगळी अक्कल एवढीच.

भीमातीर
वरच्या पोस्टला माझं अनुमोदन. आम्ही उजनी धरणाच्या फुगवट्यावर राहतो, घरात मासेमारी पिढीजात. काका, तुमचा चारा खाणारे "बारके मासे" म्हणजे नव्वद टक्के चिलापी. धरणात आता जिकडं तिकडं चिलापीच. पूर्वी मरळ, वाम, कटला जोरात होते. आता जाळं टाकलं की आधी चिलापी आणि तिच्या जोडीला तो हेलिकॉप्टर मासा, काटेरी, खायच्या कामाचा नाही आणि जाळं मात्र फाडून ठेवतो.

खेकडा कुठं मिळतो तेही सांगतो, कारण चारा कितीही झकास बांधला तरी जागा चुकली तर काही नाही. मोकळ्या पाण्यात खेकडा नसतो. तो दगडात. बांधाचं दगडी पिचिंग, जुन्या पुलाचे दगड, कॅनॉलची फुटकी कड, ओढा नदीला मिळतो ती जागा. आणि आता मे महिन्यात उजनी मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्या खाली, जायला लागली की पाणी दगडं सोडून लांब गेलेलं असतं. आत्ता चिखलात फग टाकून काय मिळणार? धरणात बुडालेलं पळसदेवचं देऊळ उघडं पडलंय का ते बघायला या, खेकड्याला पाऊस पडल्यावर या.

कडकभाकरी
म्हणजे उजनीच्या टक्केवारीवर आता खेकड्यांचं पण वेळापत्रक. सोलापुरात सगळंच उजनीवर.

पॅसिफिक_कोपरा
मी गेली अकरा वर्षं लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला राहतो, मूळ पंढरपूरचा. दर हंगामात जाळी घेऊन जातो, म्हणून चार गोष्टी.

एक, सीनाकाठ काकांनी वर्णन केलेलं सपाट पडणारं जाळं हा जुना प्रकार. आता इकडे बहुतेक जण शंकूच्या आकाराचं, कडक सांगाड्याचं वापरतात. ते तळाला सपाट होत नाही, उभंच राहतं. शेवंड उतारावरून चढते आणि वरच्या तोंडातून आत पडते. त्यात ओढायला थोडा उशीर झाला तरी चालतं. सपाट जाळ्यात मात्र ओढणाऱ्याचा हातच सगळं ठरवतो. पहिल्यांदा दोराची ढिलाई हलकेच, जाळं न हलवता काढून घ्यायची. दोर ताठ झाला की एक जोराचा हिसका, कडं तळापासून उठेपर्यंत. मग न थांबता एका लयीत वरपर्यंत. मध्ये थांबलात की टोपली ढिली पडते आणि देवबागकर म्हणाले तशी ती शेपूट मारून पार.

दोन, चाऱ्याची जागा. सपाट जाळ्यात चारा अगदी मध्यावर आणि जाळ्याला चिकटूनच हवा. नवखे लोक तो एका बाजूला बांधतात, मग शेवंड कड्यावर बसून मान लांब करून खाते. ओढलं की ती बाहेर. किंवा चारा सैल लोंबतो, तो धरून ती कड्यापर्यंत ओढत नेते. डबी मध्यावर चारी बाजूंनी आवळायची ती यासाठी. शंकूच्या जाळ्यात उलट, चारा तळापासून थोडा उचललेला चालतो, वास चांगला पसरतो.

तीन, डबी फक्त शेवंडीपासून वाचवायला नसते. इकडे चारा पळवणारे दुसरेच. सी लायन, पाकट, खेकडे. सी लायननं एकदा माझी सगळी डबी चावून उघडली होती, म्हणून आता झाकणावर दोन केबल टाय जादा.

चार, नियम. हौशी माणसाला दिवसाला सात शेवंडी. माणशी जास्तीत जास्त पाच जाळी, बोटीवर कितीही माणसं असली तरी दहा, धक्क्यावरून टाकायची तर दोनच. आणि जाळं दोन तासांपेक्षा जास्त पाण्यात सोडायचं नाही. शेवंडीचं वेगळं कार्ड काढावं लागतं, त्यात किती धरल्या ते लिहून कळवायचं. हंगाम ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या मध्यापर्यंत. काका बरोबर वेळेला येऊन गेले.

दोन तास हा कायदा झाला. खरं म्हणजे वीस ते तीस मिनिटं पुरेत. जास्त ठेवलं की खाऊन, पोट भरून निघून जातात.

भीमातीर
मोजून लिहून कळवायचं! आमच्याकडं बोटाएवढं पिल्लू धरणारी बारीक जाळी टाकतात, वडाप म्हणतात त्याला. एका ओढीत हजारो पिलं. त्याविरुद्ध किती वेळा बोललो. असो, विषय दुसरा आहे.

हिप्परगा_एक्स्प्रेस
चारा ताजा की सडका, हे कुणी सांगा बे. आमच्या गल्लीत सगळे म्हणायलेत, खेकड्याला जितका घाण वास तितका तो लवकर येतो. मी गेल्या पावसाळ्यात तीन दिवस उन्हात ठेवलेली आतडी घेऊन गेलो. खेकडा एक पण आला नाही. मित्र मात्र त्या दिवसापासून गाडीवर बसवत नाहीत.

उरणचा_फगवाला
😂 मित्र सोडून गेले म्हणजे वास पोचला.

पॅसिफिक_कोपरा
शेवंडीसाठी माझा अनुभव ताज्याच्या बाजूनं आहे. बांगडा, बोनिटो, सामन असा तेलकट मासा, आदल्या दिवशीचा, फ्रीझरमधला. शेवंड पुढच्या छोट्या मिशांनी वास घेते, आणि मांसातून पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यांच्या मागावर प्रवाहाच्या उलट चालत येते. चारा पार कुजला की हे विरघळणारं बहुतेक आधीच निघून गेलेलं असतं, आणि नाकाला येतो तो वास आपल्यासाठी, तिच्यासाठी नव्हे. माशाला सुरीनं चार चिरा द्या, डोकं ठेचून घ्या, म्हणजे रस हळूहळू सुटत राहतो. न चिरलेला अख्खा मासा डबीत घातला तर पहिली वीस मिनिटं वाया.

भीमातीर
शेवंडीचं मला माहीत नाही. पण नदीचा खेकडा मेलेल्या जनावरावरसुद्धा जमतो, हे मी डोळ्यानं बघितलंय. सडका चालतो. मात्र सडका चारा मऊ होतो आणि मऊ चारा टिकत नाही, म्हणून आम्ही ताजा घेतो. कारण वासाचं नाही, टिकण्याचं आहे.

देवबागकर
म्हणजे दोघंही ताजाच म्हणताय आणि भांडताय कारणावरून. अस्सल मराठी धागा.

सीनाकाठ
वा, लई माहिती मिळाली. कोंबडीचे पाय हे पक्कं. पण चिलापी कातडी पण टोचून टोचून काढते, मी लहानपणापासून बघतोय. म्हणून डबी लागणारच. तिकडची डबी इकडं कुठं मिळणार? मधल्या मारुतीला चार दुकानं फिरलो, एकानं मला साबणाची डबी दाखवली, एकानं चहाची गाळणी. तिसऱ्यानं विचारलं, काका, नेमकं काय धरायचंय? खरं सांगितल्यावर त्यानं चहा पाजला, पण डबी काही नाही.

कांदेनवमी
काका, सोलापुरात राहून जाळीसाठी दुकानं कशाला फिरता? मार्केट यार्डात कांद्याच्या लाल जाळीच्या पिशव्यांचा ढीग पडलेला असतो. पिशवीचा तुकडा कापा, त्यात कोंबडीचे पाय घाला, तोंड तारेनं पिळा, बांधा. खर्च शून्य. मी ओढ्यावर हेच करतो.

उरणचा_फगवाला
पिशवीला एक खोड आहे. चिंबोरीच्या नांग्या त्या जाळीत अडकतात. काढताना एकतर पिशवी फाटते नाहीतर आपलं बोट. तिकडं शेवंडीला नांग्या नाहीत म्हणून पिशवी चालत असेल, आपल्या गिऱ्हाइकाच्या हातात कात्री आहे.

कांदेनवमी
अडकली तर चांगलंच की! पळून जाणार नाही.

उरणचा_फगवाला
एक अडकली की तुमचा पुढचा अर्धा तास ती सोडवण्यात. दहा फग लावलेत तर सकाळ होईल दादा.

पीव्हीसी_पंडित
मी प्लंबिंगचं काम करतो. माझा सल्ला घ्या. अडीच इंची पीव्हीसी पाइपाचा सात-आठ इंचांचा तुकडा, दोन्ही टोकांना कॅप. एक कॅप सोल्यूशननं चिकटवायची, दुसरी नुसती दाबून बसवायची आणि आरपार एक खिळा, म्हणजे चारा बदलता येतो. पाइपाला ड्रिलनं भोकं. भोक किती मोठं हाच कळीचा मुद्दा. सहा मिलिमीटरच्या आत ठेवलं तर चिलापीचं तोंड आत जात नाही, वास मात्र सुटतो. पण एवढी बारीक भोकं असतील तर खेकड्याला खायला काहीच मिळत नाही, तो येईल, वास घेईल आणि कंटाळून जाईल. म्हणून वरच्या बाजूला दोन-तीन भोकं मोठी, बारा-पंधरा मिलिमीटरची. नांगीचं टोक आत जाईल, चिमूटभर मांस निघेल, बाकी आतच. तो बसून राहतो.

पॅसिफिक_कोपरा
हे अगदी बरोबर. इकडे पण पाइपाच्या डब्या घरी करणारे आहेत. थोडं खायला मिळालं पाहिजे.

कडकभाकरी
म्हणजे नेत्यांचं आश्वासन. वास भरपूर, चिमूटभर हातात, आणि माणूस पाच वर्षं बसून.

संपादक_मंडळ
राजकारण दुसऱ्या धाग्यावर न्यावं ही विनंती. खेकड्याच्या रश्श्याच्या तीन पोस्टी पाककृती विभागात हलवल्या आहेत. चौथी टाकू नये.

हिप्परगा_एक्स्प्रेस
चौथी माझीच होती, आणि तीच चांगली होती बे.

शेंगाचटणी
मी खात नाही, तरी एक सांगते कारण घरी डॉक्टर आहेत. गोड्या पाण्याचा खेकडा अर्धाकच्चा खाऊ नये. त्यात फुफ्फुसात जाणाऱ्या एका जंताची अवस्था असू शकते. निखाऱ्यावर नुसता लालसर केला आणि चोखला, असं करू नका. पूर्ण शिजवा. आणि कापलेली सुरी-पाट धुवा.

भीमातीर
ताईंनी चांगलं सांगितलं. मी पण एक सांगतो. पावसाच्या सुरुवातीला खेकडीच्या पोटाखालची झडप उघडून बघा. आत अंडी किंवा मोहरीएवढी पिल्लं गच्च भरलेली असतात. समुद्रातल्यासारखी यांची पिल्लं पाण्यात वाहून जात नाहीत, आईच्या पोटाखालीच खेकडे होऊनच बाहेर पडतात. म्हणजे एक मादी मारली की त्या ओढ्यातली पुढची सगळी पिढी गेली. आमचे वडील अशी मादी हातात आली की "जा माये" म्हणून सोडायचे. त्यांनी कधी मापपट्टी बघितली नव्हती.

आणि काका, नदीचं ठीक आहे, पण तलावावर जाणार असाल तर आधी विचारा. बरेच तलाव मच्छीमार सोसायट्यांच्या ठेक्यावर असतात. खेकडाच धरतोय म्हटलं तर कुणी फार बोलत नाही, पण न विचारता जाळं टाकलं की भांडण.

सीनाकाठ
विचारूनच जाणार. पाऊस पडला की सांगतो.

(मध्ये दीड महिना धागा खाली.)

कडकभाकरी (२९ जून)
काका, पाऊस झाला. खेकडे काय म्हणायलेत?

सीनाकाठ (६ जुलै)
उशीर झाला, माफ करा. पण पदरात थोडं काही घेऊन आलोय.

कडं सायकलच्या जुन्या रिमचं केलं. स्पोक काढले, टायर-ट्यूब गेली, रिमच्या खोबणीत नायलॉनचं जाळं आवळून बसवलं. वेल्डिंग करावंच लागलं नाही, आयुष्यभर जे केलं त्याचीच गरज नाही. वर तीन दोर शिंक्यासारखे एकत्र गाठले. पहिल्यांदा तिन्ही दोर एका मापाचे नव्हते, कडं तिरकं उठायचं आणि एका बाजूनं सगळं गळून जायचं. शिंकं समतोल असलं पाहिजे हे आजीनं मडकं टांगताना शिकवलेलं, पण साठीनंतर परत शिकावं लागलं.

आता चारा. दोन जाळी केली, एकात कांदेनवमींची लाल पिशवी, एकात पंडितांची पाइप-डबी. दोन्हीत कोंबडीचे पाय, ठेचून. जागा भीमातीरांनी सांगितली तशीच, ओढा सीनेला मिळतो तिथं, दगडांच्या वरच्या अंगाला. वास प्रवाहाबरोबर खाली दगडांकडं जातो आणि खेकडा प्रवाहाच्या उलट चालत येतो, हे पॅसिफिकवाल्यांकडून उचललं. संध्याकाळी सातला टाकलं.

पिशवीत पहिल्या ओढीला दोन खेकडे. दोघांच्याही नांग्या जाळीत. एक सोडवताना त्यानं माझा अंगठा धरला, नातवंडांना दोन दिवस दाखवायला झालं. फगवाल्यांनी आधीच सांगितलं होतं. तिसऱ्या ओढीला पिशवीच्या चिंध्या आणि आत एकही पाय नाही.

पाइपाचं उलट झालं. पहिल्या तीन ओढी शून्य. मला वाटलं, पंडित गेले कामातून. मग टॉर्च मारून बघितलं आणि डोक्यात प्रकाश पडला. भोकं असली तरी पाइपात वरच्या कॅपला हवा अडकून राहत होती. डबी तरंगायची, आणि तिला बांधलेलं जाळं मध्यावर डेऱ्यासारखं उचललं जायचं. खेकडा आत येण्याऐवजी डेऱ्याच्या उतारावरून बाहेरच सरकत असणार. डबीत चाऱ्याबरोबर दोन मूठभर दगड घातले, वरच्या कॅपला एक भोक पाडलं. डबी तळाला पडली, जाळं सपाट. त्यानंतर पाच ओढींत सात खेकडे. चारा सकाळी बघितला तर निम्मा शिल्लक. चिलापी एक पण आली नाही.

किती वेळ ठेवायचं, याचा माझा हिशेब: वीस मिनिटं. दहाला काढलं तर नुसता दोर ओला, चाळीसला काढलं तर डबीवर ओरखडे आणि खेकडा पसार.

सातातल्या दोन माद्या होत्या, झडप उघडून बघितली, एकीच्या पोटाखाली पिल्लं. सोडली. "जा माये" म्हटलं की नाही ते आठवत नाही, अंगठा दुखत होता.

पीव्हीसी_पंडित
हवेचं भोक मी सांगायला विसरलो होतो. प्लंबर असून! काका, मानलं तुम्हाला.

कांदेनवमी
दोन ओढींत पिशवीनं चार तर दिले असतील. फुकटच्या पिशवीला एवढं तरी श्रेय द्या.

सीनाकाठ
तीन दिले. आणि एक अंगठा घेतला.

देवबागकर
सात खेकडे, दोन माद्या, एक सोडली. दुसरी?

सीनाकाठ
दुसरीच्या पोटाखाली काही नव्हतं. आमच्या बायकोनं कढण केलं, घरात सगळ्यांना सर्दी झालेली होती. पूर्ण शिजवलं, शेंगाचटणीताई.

हिप्परगा_एक्स्प्रेस
काका, एक रिम मला पण द्या की. मित्रांना परत गोळा करायचंय.

सीनाकाठ
दोन जादा करून ठेवलीत, रविवारी येऊन घेऊन जा. चारा आपापला आणायचा, आणि उन्हात ठेवलेला असेल तर गेटबाहेरच थांबायचं.